जावयाच्या तिकिटावरचं जेवण

आमच्या जळगाव जामोदात समुद्राचा विषय निघाला की लोक माझ्याकडे वळून बघतात. इथे उत्तरेला सातपुडा, बाकी तिन्ही बाजूंना कपाशी आणि जवारी. समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. त्यात मी तरुणपणी जहाजानं आफ्रिकेला जाऊन आलेला माणूस. परवा शेजारचं जोडपं क्रूझवर जाऊन आलं आणि मोबाइलवर फोटो दाखवायला माझ्या ओट्यावर बसलं. बंदर बदलत होतं, पण फोटोत दुकानं तीच. तीच घड्याळं, त्याच टोप्या, फ्रिजला चिकटवायचे तेच चुंबक. शेवटी त्या सूनबाईनं विचारलं, "काका, तुमी काय काय पाह्यलं होतं हो तवा?"

मी म्हणालो, "भाजीबाजार."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण मी खरं तेच सांगत होतो. चार बंदरं पाहिली आणि चारही ठिकाणी मी बाजारात हिंडलो. कारण माझ्यासोबत माय होती, आणि मायनं जहाजावर जेवायचं नाही असं ठरवलं होतं.

महाराष्ट्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली असतील. माझ्या ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. आफ्रिकेत दारेसलामला कापसाच्या प्रेसमध्ये फिटर हवे होते, पगार दुप्पट होता, म्हणून ते ताईला घेऊन तिकडे गेले. त्याआधी ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे माहेरी आली होती. आठव्या महिन्यातच सगळं आटोपलं. मूल हाती लागलं नाही. मायनं ते फार मनावर घेतलं होतं. ती बोलायची नाही, पण मळ्यात मिरच्या तोडताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "माह्या घरी झालं ते."

ताईला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं तिला प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं होतं. मग भाऊजींनी मायचं आणि माझं तिकीट पाठवलं. बाबांना मळा सोडून हलता येत नव्हतं, वांग्याला पाणी कोण देणार? मी नुकताच मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचता येणारा, आणि कामाच्या नावानं बोंब. मला तर ती पडत्या फळाची आज्ञाच होती. मी नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडीत चढलो तोच मुळी काळा चष्मा आणि विलायती घड्याळ घ्यायचं ठरवून.

मायचं ओझं पाहून मात्र मी चक्रावलो. एक बाचकं वाळल्या लाल मिरच्यांचं. एक दशम्यांचं, म्हणजे दुधात मळलेल्या, आठ-दहा दिवस टिकणाऱ्या भाकरींचं. सातूचं पीठ, गूळ, फुटाणे. आणि घरचा लोखंडी तवा.

"माये, तिकिटात जेवण हाय," मी म्हणालो.

"तिकीट कोनाचं हाय?"

"भाऊजींचं."

"मंग जेवण कोनाचं झालं?"

इथे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. पाणीसुद्धा घेत नाहीत. दान दिलेल्या लेकीच्या घरचं खाऊ नये, नातवंड मांडीवर आलं की मग त्या घराशी नातं वेगळं होतं, असा त्यामागचा हिशेब. आता हा नियम घराच्या उंबऱ्यापुरता होता. पण मायनं तो थेट मुंबईच्या गोदीपर्यंत ताणला. जावयानं पैसे भरले म्हणजे जहाजावरचा भात जावयाचा, आणि जावयाचा भात म्हणजे लेकीच्या घरचा भात. यावर वकीलसुद्धा काही बोलू शकला नसता. जहाजावरचं पाणी तेवढं ती प्यायची. ते देवाचं, असा तिचा निकाल होता.

आम्ही डेकवरचे प्रवासी. वरच्या बाजूला ताडपत्री, खाली सतरंजी, आणि आजूबाजूला बहुतेक गुजराती कुटुंबं. दोन वेळा भात-डाळीची ताटं यायची. माझं ताट मी खायचो, आणि मायचंही मीच खायचो. भावाला तसला काही दोष नव्हता. माय समोर बसून सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "खाय बाप्पा, तुह्या बहिनीचं हाय."

जहाज आफ्रिकेच्या अर्ध्या वाटेवर सेशेल्समधल्या माहे बेटाच्या बंदरात थांबलं तोवर दशम्यांना वास यायला लागला होता. मायनं त्या समुद्रात सोडून दिल्या, हात जोडले, आणि मला म्हणाली, "चाल, बाजार पाहू."

जहाज धक्क्याला लागत नव्हतं. बरंच आत उभं राहायचं आणि होडीतून काठावर जावं लागायचं. होडीतली सगळी मंडळी एका दुकानाच्या गप्पा मारत होती. तिथे दोन नारळ जोडल्यासारखं दिसणारं मोठं फळ मिळतं म्हणे. मलाही ते पाहायचं होतं. पण माय काठावर उतरली ती थेट डोक्यावर टोपली घेतलेल्या एका बाईच्या मागे लागली. "हे बाई जिकडं चालली तिकडंच बाजार असंन," ती म्हणाली, आणि तसंच निघालं.

गवताच्या टोप्या घातलेल्या बाया, मासे, केळी, रताळी, आणि फणसासारखं पण काटे नसलेलं एक हिरवं फळ. आमच्याजवळ तिथलं नाणं नव्हतं. मला वाटलं, चला, आता हात हलवत परत. मायनं लुगड्याच्या ओच्यातून मूठभर मिरच्या काढल्या आणि रताळीवालीपुढे धरल्या. ती बाई एक मिरची मोडून चाटून बघते काय, डोळ्यांत पाणी येतं काय, आणि हसत सुटते काय! आमच्या बाजारात नेहमीचं असावं तसं दोघींचं घासाघिशीचं बोलणं सुरू झालं. एक वऱ्हाडीत, एक तिच्या भाषेत. माय म्हणत होती, "एवढ्यात एवढेच? मंग राहू दे बाई." आणि खरंच मिरच्या परत ओच्यात घालायला लागली. तेव्हा आणखी दोन रताळी आणि केळ्यांची फणी मिळाली. बाईनं रताळी तिच्याच चुलीवर उकडूनही दिली.

निघताना मायनं पोटावर हात फिरवून दाखवला, मग समुद्राकडे बोट केलं. माझी लेक, तिकडे, पोटुशी. मग हातांनी पाळणा हलवल्यासारखं केलं आणि त्या बाईकडे बघत राहिली. मला आधी कळेना हे काय चाललंय. तिला विचारायचं होतं, तुमच्याकडे लेकरं जगतात का? त्या बाईनं दोन्ही हात वर केले, आभाळाकडे पाहिलं, मग आपली तीन बोटं दाखवली आणि चौथं मिटून घेतलं. माय हो-हो करत मान डोलवत राहिली.

मोम्बासाला जहाज माल उतरवायला चांगलं तीन-चार दिवस थांबणार होतं. कस्टमच्या माणसानं बाचकं उघडलं आणि शिंकत शिंकतच बंद केलं. बाहेर टॅक्सीवाले उभेच होते. डेकवरची मंडळी भराभर बसून दुकानांकडे गेली. मीही हट्टाला पेटलो. म्हणालो, "माये, एवढ्या दूर आलो त जरा दुकानं पाहू दे." तिनं मला एक दुकान पाहू दिलं. एकच. हस्तिदंत आणि लाकडी हत्ती. पोळ्याला आपल्याकडे मातीचे बैल मांडतात तसे फळीवर ओळीनं हत्ती. मायनं एक हत्ती हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "याचं काय करतेत?" मला सांगता येईना. काळ्या चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. ते मी पुढे आयुष्यभर नुसतं आठवलं.

बाजार मात्र असा होता की माझी गुर्मी तिथेच उतरली. वरून छप्पर, खाली कमरेएवढे चौथरे, नारळाचे ढीग, आंबे, कसावाची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, लांब मुळं, आणि एका कडेला धान्याची पोती. माय त्या पोत्यांपाशी गेली, हात आत घातला आणि तशीच उभी राहिली. मग मूठ उघडून माझ्यापुढे धरली.

"काय हाय हे?"

मी बघितलं. लालसर, जराशी बारीक, पण जवारीच. "मतामा," पोत्यामागची बाई म्हणाली. माय म्हणाली, "मतामा नाई वो बाई, जवारी." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मायला मी रडताना फार पाहिलं नाही. ताईचं पहिलं मूल गेलं तेव्हा पाहिलं होतं, आणि त्यानंतर हे. परमुलखात आपलं धान्य भेटणं म्हणजे काय असतं ते ज्याला भेटलंय त्यालाच कळावं.

दुसऱ्या दिवशी ती तवा घेऊनच निघाली. मी लाजेनं चार पावलं मागे चालत होतो. आधी तिनं बाजाराच्या दाराशी पदराएवढं फडकं अंथरलं आणि मिरच्या मांडून बसली. जळगावच्या बाजारात ती दर आठवड्याला बसायची, तशीच मांडी घालून. मी म्हणालो, "काऊन इज्जत घालवून राह्यली?" ती म्हणाली, "तुह्या बापानं पिकवल्या, मी वाळवल्या. त्यात इज्जत काहाची गेली?" अंगभर रंगीत कापड गुंडाळलेल्या बाया जमल्या. निम्म्या मिरच्या हातोहात गेल्या. आलेल्या पैशांतून तिनं मतामा घेतली आणि पोत्यामागच्या त्या बाईला हातानंच विचारलं, दळायचं कुठे?

ती बाई आम्हाला बाजारामागच्या आपल्या घरी घेऊन गेली. अंगणात तीन दगडांची चूल, बाजूला लाकडी उखळ. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं कांडायला लागल्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली, ताल चुकत नव्हता. पीठ जाडं निघालं. पहिली भाकर थापतानाच तुटली, दुसरी तव्यावर तुटली. माय पिठाला शिव्या घालत होती, आणि घरातली मंडळी त्या शिव्यांवर खूश होऊन हसत होती. मग तिनं पीठ पदरातून गाळलं, उकळतं पाणी घातलं, आणि तिसरी भाकर टम्म फुगली. इतक्या दिवसांनी तिनं पोटभर खाल्लं. भाकरीसोबत तिनं मिरच्या कुटून ठेचा केला होता, तो त्या घरातल्या सगळ्यांनी चाखला आणि सगळे पाणी प्यायला पळाले.

मी परतताना तिला छेडलं. "माये, वळख ना पाळख, त्याईच्या घरी जेवली. अन् पोटच्या पोरीच्या घरी चालत नाई?"

"त्याईले मी मिरच्या देल्ल्या," ती म्हणाली. "परक्याचं खाल्लं त फेडता येते. पोरीचं काय देऊन फेडू? एक लेकरू होतं, तेही माह्या घरी गेलं."

मी तिला पुन्हा छेडलं नाही.

पुढे झांजीबारला जहाज अर्धा दिवस थांबलं. सगळ्या गावाला लवंगांचा वास. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात. दारांवर पितळेचे टोकदार खिळे. तिथे मी मायला दुकानांचं नावही काढलं नाही. मीच बाजार शोधला, रस्ता विचारला, आणि तिच्यापुढे ऐटीत चालत गेलो. एव्हाना मला त्यातली गंमत कळली होती. दुकानात तुमच्या खिशाकडे बघतात, बाजारात तुमच्या तोंडाकडे बघतात. एका ओट्यावर बसलेल्या म्हातारीपुढे मायनं पुन्हा तोच पोटाचा आणि पाळण्याचा अभिनय केला. म्हातारीनं मायचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी समोर उभा होतो. उन्हं कलली तरी मला त्यांना उठवावंसं वाटेना.

दारेसलामच्या धक्क्यावर ताई उभी होती. तोंडावर तेज, पोट चांगलंच पुढे आलेलं. माय तिच्या गळ्यात पडली नाही. तिनं आधी ताईच्या पोटावर हात ठेवला, मग तोंडावरून हात फिरवला, आणि मग कडाकडा बोटं मोडली. भाऊजी सामान उचलत म्हणाले, "मामीजी, तवा काऊन आनला? घरी दोन तवे हायेत." मायनं तवा काखेत घट्ट धरला. ताईला मात्र कळलं. तिचं तोंड उतरलं.

घर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात आंब्याचं झाड. मायनं त्या झाडाखाली तीन दगड मांडले आणि आपली चूल केली. पाणी कोपऱ्यावरच्या सरकारी नळावरून, जवारी बाजारातून. दिवसभर ताईच्या घरात राबायची. ताईचे पाय चेपायची, तिच्यासाठी लाडू वळायची, तिच्या स्वयंपाकाला फोडणी द्यायची. आणि जेवायची वेळ झाली की उठून आंब्याखाली जायची. ताई रोज भाकरी करताना एक जास्तीची करायची. ती भाकर रोज टोपल्यात राहायची, आणि रोज मीच ती खायचो.

एकदा ताई दारात उभी राहून म्हणाली, "माये, माह्या हातचं एवढं वाईट हाय काय वो?"

"नाई बाई. थोडे दिवस राह्यले. मग खाईन. खाऊन खाऊन तुह्या जवायाचं दिवाळं काढीन."

"जवाई तुहा हाय, माहा नवरा हाय तो," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या महिनाभरात मी त्यांना तेवढंच मोकळं हसताना पाहिलं. मी रोज बाजारात जायचो, बंदरावर जायचो, कापसाच्या गाठी जहाजात चढताना बघायचो. मला ते गाव अजून गल्लीन् गल्ली आठवतं. मासे भाजल्याचा वास, आंब्याच्या पानांवरचं ऊन, संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा. मी तेव्हा सुखी होतो, आणि मला ते तेव्हाच कळत होतं. रोज रात्री झोपताना आम्ही चौघं मनात एकच गोष्ट म्हणायचो. या वेळी सुखरूप होऊ दे.

नाही झालं. दिवस भरले होते, दवाखाना होता, डॉक्टर होता, काहीच कमी नव्हतं. मुलगी होती. रडलीच नाही. भाऊजींनी तिला कापडात गुंडाळून नेलं, तेव्हा मी त्यांच्यासोबत गेलो. त्याबद्दल मला अजूनही लिहिता येत नाही.

ताई घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माय आंब्याखालच्या चुलीवर तिच्यासाठी पेज करायची, डिंकाचं काहीबाही करायची. ताई दोन घास घ्यायची आणि वाटी बाजूला सरकवायची. मायला मात्र एकदाच म्हणाली, "तुह्या घरी झालं म्हनत होती ना तू? आता माह्या घरीबी झालं." माय तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. विटाळ फिटला, न्हाणं झालं, तरी ताई उठेना. स्वयंपाकघरात भाऊजी कसाबसा भात शिजवायचे. बाहेर बायका येऊन समजूत घालून जायच्या. ताई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एके सकाळी मी अंगणात दात घासत होतो. माय आपल्या चुलीपाशी बसली होती. पाणी उकळत आलं होतं, पीठ परातीत काढलेलं होतं. तिनं अचानक तांब्या उचलला आणि चुलीत पाणी ओतलं. धुराचा लोट उठला. मला वाटलं, तिला बरं नाही. ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि ताईच्या घरात शिरली. मी ब्रश तोंडात तसाच धरून मागे गेलो.

तिनं स्वयंपाकघरात पाट मांडला आणि त्यावर बसली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरी, मले भूक लागली. ऊठ. वाढ मले."

आतून खाटेची करकर ऐकू आली. ताई भिंतीला धरत दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं पाटावर बसलेल्या मायकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या पोटाकडे पाहिलं.

"माये," ती म्हणाली, "तुले चालत नाई. कुठी हाय लेकरू?"

"तू हायेस ना लेकरू," माय म्हणाली. "काय चालते अन् काय नाई, ते मी पाहीन. तू वाढ."

ताई खाली बसली, स्टोव्ह पेटवला, पीठ घेतलं. भाकर वेडीवाकडी झाली, कडेला करपली. वांग्याची भाजी केली. घाम पुसत पुसत केली. ताट वाढून मायपुढे ठेवलं आणि समोर बसली. पहिल्यांदाच परीक्षेला बसल्यासारखी मायच्या तोंडाकडे बघत.

मायनं भाकर मोडली, भाजीला लावली, तोंडात घातली. सावकाश चावली. मी दारात उभा होतो. जन्मभर पाळलेलं ती त्या घासाबरोबर गिळत होती आणि तिच्या तोंडावर काहीएक दिसत नव्हतं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

ताई मीठ आणायला उठली.